निळा दिवा आणि खारं पाणी

दर्यापूर तालुक्यात माझी मावशी राहते. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा ओट्यावर नवं मशीन दिसलं. तोटी दाबली की आतून निळा उजेड पडायचा आणि पाण्याची धार त्यात लखलखायची. पेला माझ्या हातात देत मावशी म्हणाली, "तू त फिजिक्स शिकवतं ना बापा, मंग सांग बरं, हा दिवा लागते म्हनजे पानी शुद्द होते ना?"

मी घोट घेतला. पाणी गार होतं, नितळ दिसत होतं आणि मचूळ होतं.

त्या दिवसापासून हा प्रश्न मला अकोल्यात, अमरावतीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी ना कुणी विचारतं. यूव्ही एलईडीची मशीनं आता तालुक्याच्या दुकानांतही दिसतात. वस्तू चांगली आहे. पण आपल्या वऱ्हाडातलं पाणी, आपली लाईन आणि आपला उन्हाळा ध्यानात न घेता ती घेतली तर पैसे दिव्याला जातात आणि जंतू पेल्यात येतात.

आधी त्या निळ्या उजेडाचं सांगतो. मावशीला जो दिसत होता, त्याने एकही जंतू मरत नव्हता. जंतूंवर काम करणारा किरण माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. पाऱ्याच्या जुन्या नळीतून त्या किरणासोबत थोडा निळसर उजेड बाहेर पडतो, म्हणून 'यूव्ही म्हणजे निळं' असं आपल्या मनात बसलं. एलईडीच्या मशीनमध्ये गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी बरेचदा एक साधा निळा एलईडी शेजारी लावलेला असतो. खरा दिवा विझला तरी हा शोभेचा दिवा लागत राहू शकतो. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: आतला यूव्ही दिवा गेला तर मशीन मला कसं सांगेल? घंटी वाजते, तोटी बंद होते, की काहीच होत नाही? काहीच होत नसेल तर दुसरं मशीन बघा.

अतिनील किरणांचा २०० ते २८० नॅनोमीटरचा पट्टा म्हणजे यूव्ही-सी. सूर्याचा हा भाग वातावरणातच अडतो, जमिनीपर्यंत पोचत नाही. जंतूच्या डीएनएला साधारण २६५ नॅनोमीटरचा मार सगळ्यात जास्त बसतो. डीएनएचे शेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात आणि जंतूला आपली नक्कल काढता येत नाही. म्हणजे तो जागेवर मरतोच असं नाही, पण वांझ होतो, आणि आपल्याला तेवढं पुरतं. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१० मध्येच पाऱ्याच्या दिव्याने पिण्याचं पाणी शुद्ध केलं होतं. पाऱ्याची नळी २५४ नॅनोमीटरला काम करते, आजचे एलईडी साधारण २६५ ते २८० च्या दरम्यान. ज्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच गॅलियम नायट्राइडच्या घराण्यातला हा दिवा. त्यात अ‍ॅल्युमिनियम मिसळत गेलं की किरण निळ्याकडून अतिनीलकडे सरकतो.

शाळेत शिकवतो म्हणून एक हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. किरणाची मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. पिण्याच्या पाण्यासाठी जगभर पाळला जाणारा आकडा चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल. कॉलऱ्याचा किंवा जुलाबाचा साधा जंतू याच्या चौथ्या हिश्श्यातच गारद होतो. उरलेली मात्रा चिवट विषाणूंसाठी आणि दिवा जुना होत जातो त्याच्या भरपाईसाठी. अ‍ॅडिनो नावाच्या विषाणूला मात्र ४० पुरत नाहीत, त्याला याच्या कित्येक पट मात्रा लागते, पण तो क्लोरीनपुढे टिकत नाही. उलट क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम यूव्हीपुढे लगेच नांगी टाकतो. म्हणून नळाला क्लोरीनचा वास येतो अशी तक्रार करणाऱ्यांना मी सांगतो, येऊ द्या. तो वास पाइपातला पहारेकरी आहे, दिवा घरातला.

आता मचूळ चवीकडे येऊ. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलाय. त्यात आठशे-नऊशेच्या घरात गावं येतात. इथं विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारंच लागतं. यूव्ही दिवा मिठाचा एक कणही काढत नाही. फ्लोराइड काढत नाही, नायट्रेटही काढत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात ज्या जिल्ह्यांच्या भूजलात नायट्रेट जास्त असल्याचं नोंदलंय, त्यात अमरावती आणि बुलढाणा आहेत. नायट्रेट उकळूनही जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत बरे मानतं आणि दुसरा इलाजच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर सवलत नाही.

म्हणून मशीन घेण्याआधी पाणी तपासा. पेनासारखं टीडीएस मीटर कुठेही मिळतं, ते क्षारांचा अंदाज देतं. पण जंतू आणि नायट्रेट त्याला कळत नाहीत. टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, हा गैरसमज विक्रेत्यांनीच पसरवलाय. नीट तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची किंवा जिल्ह्याची प्रयोगशाळा आहे. नमुना कसा घ्यायचा ते गावातल्या जलसुरक्षकाला माहीत असतं. बोअरच्या पाण्याचा आकडा २००० च्या पुढे गेला तर नुसत्या यूव्हीचा विचार सोडा. तिथं आरओ लागतो आणि त्याच्या मागे दिवा शोभतो. आरओ जे पाणी फेकतो ते फरशीला, संडासाला वापरा. झाडांना घालू नका, आपली काळी जमीन आधीच क्षारांनी कावलीय.

पण खारपाण पट्ट्यातल्या बऱ्याच गावांना आता लांबून गोडं पाणी येतं. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरची ८४ खेडी योजना आहे, अकोल्याच्या बाजूला खांबोऱ्याची, दर्यापूर-अंजनगावकडे शहानूरची. मावशीकडेही नळ आहे. पण तो रोज येत नाही, म्हणून तिने मशीन बोअरच्या टाकीला जोडून घेतलं होतं. जोडणाऱ्या माणसाने विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. मशीन नळाच्या पाण्याला लावलं आणि बोअर धुण्या-भांड्याला ठेवली, एवढ्यानेच निम्मं काम झालं, तेही फुकटात.

गोडं पाणी म्हणजे निवळ पाणी असं मात्र नाही. पावसाळ्यात नळाला येणारं पाणी चहासारखं असतं, आणि इथेच हा दिवा फसतो. किरण सरळ रेषेत जातो. मातीच्या कणामागे लपलेल्या जंतूवर सावली पडते आणि तो सहीसलामत पेल्यात उतरतो. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत काय झालं ते अमरावतीकर विसरलेले नसतील. वीजबिल थकलं म्हणून नळयोजनेची लाईन कापलेली, त्यात लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं, आणि ऐन पावसात कॉलऱ्याने माणसं गेली. त्याच सुमारास अमरावतीजवळच्या नया अकोल्यातही लागण झाली होती.

तेव्हा मला दोघातिघांनी विचारलं होतं की बॅटरीवरचा यूव्ही दिवा तिथे असता तर? विजेचा प्रश्न सुटला असता, हे खरं. एलईडी बारा व्होल्टच्या बॅटरीवर किंवा छोट्या सोलर पॅनलवर चालतो, कळ दाबताच पूर्ण ताकदीने लागतो. पाऱ्याच्या नळीला तापायला मिनिटभर तरी लागतं, आणि ती फुटली तर घरात पारा सांडतो. पण जुलैच्या विहिरीतलं गढूळ पाणी तसंच दिव्याखाली धरलं असतं तर उपयोग झाला नसता. उघड्या विहिरीचा इलाज टीसीएल म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर हाच आहे. घरात तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी कँडलच्या फिल्टरमधून काढायचं, मग दिवा. एक सोपी पारख सांगतो. पारदर्शक बाटली पाण्याने भरून वर्तमानपत्रावर उभी ठेवा आणि तोंडातून खाली बघा. मथळा वाचता येत नसेल तर ते पाणी यूव्हीच्या लायकीचं नाही. वाचता आला तरी गाळणी चुकवू नका. घरात तान्हं मूल असेल किंवा कुणाला जुलाब लागले असतील तर सरळ पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर.

या कामात एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. मुंबईत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत होते. १९९२-९३ मध्ये भारतात आणि बांगलादेशात कॉलऱ्याची नवी जात पसरली, तेव्हा त्यांनी खेड्यासाठी यूव्ही यंत्र बनवायला घेतलं. त्यांची खुबी साधी होती. दिवा पाण्यात बुडवायचाच नाही, वर टांगायचा आणि खालून पाणी उताराने वाहू द्यायचं. त्यामुळे दिव्यावर क्षार आणि शेवाळ चढत नाही, पंपही लागत नाही. जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढ्या विजेत मिनिटाला पंधराएक लिटर पाणी निघायचं. २०२३ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. आपल्याकडे 'पाण्यात बुडालेला चमचमता दिवा' हीच जाहिरात चालते, तेव्हा मला ते टांगलेलं यंत्र आठवतं.

क्षाराचा मुद्दा आपल्यासाठी मोठा आहे. एलईडीच्या पुढे क्वार्ट्झची छोटी खिडकी असते, कारण साधी काच यूव्ही-सी अडवते. आपल्या जड पाण्याने त्या खिडकीवर पांढरा थर धरतो, जसा गिझरच्या कॉइलवर किंवा चहाच्या पातेल्यावर धरतो. दिवा आत ठणठणीत असतो आणि किरण बाहेरच पडत नाही. खिडकी उघडून साफ करता येते का, हे घेतानाच विचारा. लिंबूसत्वाच्या पाण्यात मऊ फडकं बुडवून पुसलं की थर सुटतो. घासणी लावू नका.

दुसरं, उष्णता. पाऱ्याची नळी शंभर भाग विजेतले तीसेक भाग यूव्ही देते. एलईडी अजून चार-पाच भागांतच अडकलाय, बाकी सगळी उष्णताच. दिवा तापला की त्याचा किरण मंदावतो आणि आयुष्यही घटतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा टिनाच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीवर, गॅसच्या शेगडीशेजारी हे मशीन टांगणं म्हणजे त्याला भट्टीत घालणं. सावलीची, वारा खेळणारी जागा बघा. बाजूने वाहणाऱ्या पाण्यानेच दिवा थंड होतो अशी रचना असेल तर उत्तम.

धारेचा वेगही बघावा लागतो. मशीनवर मिनिटाला दोन लिटर लिहिलं असेल आणि तुम्ही टाकी तिसऱ्या मजल्यावर ठेवून पाच लिटरचा जोर लावला, तर पाण्याला दिव्यासमोर थांबायला वेळच मिळत नाही. मग ४० चे १६ होतात. वेग बांधून देणारी झडप आत आहे का ते विचारा. यूव्ही वॉटर प्युरिफायरसाठी आयएस १४७२४ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख खोक्यावर शोधा. आरओच्या टाकीत बसवलेला छोटा यूव्ही एलईडी ही वेगळी गोष्ट. साठलेल्या पाण्यात जंतू वाढू नयेत एवढंच त्याचं काम. विक्रेता त्यालाच 'डबल यूव्ही' म्हणून विकत असेल तर हसा आणि पुढे चला.

दिवा कुठे बसवायचा, यावर मात्र मी हट्टी आहे. यूव्हीने पाण्यात काहीही शिल्लक राहत नाही. क्लोरीन पुढे काही तास राखण करतं, किरण तोटीपाशीच संपतो. पुढे उजेडात पाणी उघडं राहिलं तर काही जंतू आपला डीएनए दुरुस्तही करून घेतात. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी येतं, ते शुद्धीकरण केंद्रातून चांगलंच निघतं. बिघडतं ते वाटेत आणि घरात. दिवसांआड नळ येतो, मधल्या काळात पाइप रिकामा असतो, आणि नळ आला की गल्लीत प्रत्येक घरी टिल्लू पंप सुरू होतो. पंप रिकाम्या पाइपाला चोखतो आणि जिथे फट असेल तिथून नालीचं पाणीही आत ओढतो. मग ते ड्रममध्ये, टाक्यात, माठात दिवस काढतं. म्हणून दिवा टाकीच्या तोंडाशी, वर गच्चीवर, मोटारीजवळ लावू नका. तो पिण्याच्या शेवटच्या तोटीला लावा, पेल्याच्या वीतभर आधी. पहिली पाच मिनिटं येणारा नळ अंगणात सोडून द्यायची आईची जुनी सवय होती. तीही ठेवा.

ज्यांना मशीन परवडत नाही त्यांच्यासाठी वऱ्हाडाचं ऊन आहेच. स्वच्छ, रंग नसलेल्या प्लॅस्टिकच्या दोन लिटरच्या बाटलीत निवळ पाणी भरून टिनावर सहा तास आडवी ठेवली की सूर्याचा यूव्ही-ए आणि उष्णता मिळून जंतू मारतात. ढग असतील तर दोन दिवस. ही पद्धत बऱ्याच देशांत वापरली जाते, आपल्याकडे मात्र ऊन फक्त पापडांच्या कामी येतं.

हवेबद्दल थोडक्यात, कारण घरगुती बाजारात सांगण्यासारखं फारसं नाही. क्षयरोगाचा प्रसार रोखण्यासाठी खोलीच्या वरच्या भागात यूव्ही दिवे लावण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केली आहे. ते दिवे सात फुटांच्या वर असतात, किरण छतालगत आडवा फिरतो, आणि खालची हवा पंख्याने वर जाते तेव्हा तिच्यातले जंतू निकामी होतात. दवाखान्यात, कोंदट वॉर्डात हे योग्य, जाणकाराकडून मोजून बसवलेलं. चाळीस पोरं कोंबलेल्या ट्यूशनच्या खोलीत टेबलावर एक एलईडीची डबी ठेवून काही साधत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. कूलरच्या टाकीत टाकायचा यूव्ही दिवाही लोक विचारतात. वाळ्याला चिकटलेला गाळ आणि पाण्यातल्या डासाच्या अळ्या त्याला भीक घालत नाहीत. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, टाकी घासा, उन्हात उलटी करा.

वस्तूंवर फिरवायच्या दांड्याचा अनुभव माझ्याच अंगावर आलाय. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यातली दुसरी लाट आधी अमरावती-अकोल्यातच उसळली, अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. त्या घाबरगुंडीत मी एका दुकानातून यूव्हीची टॉर्च आणली. भाजीवर, किल्ल्यांवर, दुधाच्या पिशवीवर जांभळा उजेड फिरवत बसायचो. महिन्याभराने अक्कल आली आणि खिडकीची काच घेऊन पारख केली. शंभराच्या नोटेवर टॉर्च धरली, तंतू चमकले. मध्ये काच धरली, तरी तेवढेच चमकले. काचेतून यूव्ही-सी जात नाही, म्हणजे माझ्या टॉर्चमध्ये ते नव्हतंच. नोटा तपासायचा दिवा मी चौपट भावाने घेतला होता.

खरी टॉर्च असती तरी फारसं साधलं नसतं. समजा ती चौरस सेंटिमीटरला ०.२ मिलिवॅट देते. ४० मिलिज्यूल व्हायला एका जागी २०० सेकंद धरावी लागेल. मेथीच्या जुडीच्या प्रत्येक पानाला, दोन्ही बाजूंनी, तीन-तीन मिनिटं. त्यापेक्षा मीठपाण्यात धुतलेली बरी. हात आणि ओटा साबणाने धुवा. झाकणाची पेटी असेल, आत चारही बाजूंनी दिवे असतील आणि वस्तू गुळगुळीत असेल तर यूव्हीचा उपयोग आहे. चष्मा, दातांच्या दवाखान्यातली किंवा सलूनमधली धुतलेली अवजारं अशा गोष्टींसाठी.

आणि डोळे सांभाळा. वेल्डिंगकडे बघत बसलेल्या पोराला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, झोप येत नाही. यूव्ही-सीने तेच होतं आणि त्या वेळी काहीच जाणवत नाही, त्रास तासांनी सुरू होतो. किरण दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. झाकण उघडताच विझणारा दिवाच घ्या, पोरांच्या हातात टॉर्च देऊ नका, मशीन खोलून 'लागतो का' बघू नका.

मावशीकडे दिवाळीत पुन्हा गेलो तेव्हा एचटूएसच्या दोन बाटल्या घेऊन गेलो. पाणी दूषित असलं की दीड-दोन दिवसांत काळं पडतं, अशी ही साधी तपासणी. एक बाटली मशीनच्या तोटीखाली भरली, दुसरी त्याच मशीनचं पाणी ओतून ठेवलेल्या माठातून. दोन्ही देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीनेच हाक मारली. तोटीची बाटली होती तशी होती. माठाची शाईसारखी काळी.

मावशी बराच वेळ दोन्ही बाटल्या उजेडात धरून बघत राहिली. मग माठावर उपडा ठेवलेला गडवा उचलून तिने मोरीत टाकला. "सारं घर यातच हात बुडवते," ती म्हणाली. दुपारी बाजारातून लांब दांड्याचं ओगराळं आलं आणि माठाच्या वरच्या खिळ्याला लटकलं.